टाकीचा तिसरा कान

३ फेब्रुवारी

धाकट्या,

बाबा गेले. मागच्या मंगळवारी, सकाळी सव्वादहाला. तुला त्याच दिवशी फोन केला होता, लागला नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या गोदामाच्या ऑफिसात केला. तिथल्या बाई म्हणाल्या, निरोप देते. तो मिळाला की नाही ते मला माहीत नाही. मिळाला असेल तर तीच बातमी पुन्हा वाचायला लागतेय, तेवढं चालवून घे.

त्रास झाला नाही. उजवी बाजू पहिल्या झटक्यातच गेली होती, पुढचे चार महिने डाव्या बाजूवर काढले. त्या सकाळी मी चहा पाजत होते. दोन घोट घेतले, तिसऱ्याला तोंड उघडलं नाही. मी कप खाली ठेवला, बशी पुसली आणि मग डॉक्टरांना फोन केला. बशी का पुसली ते विचारू नकोस, मलाही सांगता येणार नाही.

मला रडू आलेलं नाही. लोक भेटायला येतात, माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात आणि थोडे हिरमुसून परत जातात. मी आपली खुर्च्या मांडते आणि खुर्च्या उचलते. आठ दिवस हेच चाललंय.

कामाचं लिहिते. आपली लोखंडकामाची शेड पंधरा मार्चला रिकामी करून द्यायची आहे. जागामालकाला तिथे मोटारी धुवायचं काहीतरी काढायचंय. बाबांशिवाय मी ती चालवू शकणार नाही हे त्यांना माझ्याआधी कळलं. त्याआधी तू एकदा ये. बाबांची ऐरण आहे, घण आहेत, तुझं जुनं वेल्डिंगचं हेल्मेट खुंटीवर तसंच आहे. काच धुरकटलीय. त्यातलं जे हवं ते तू ने, नको असेल तर नको म्हणून तरी सांगून जा. नऊ वर्षं झाली. मी बोलावलं नव्हतं म्हणून तू आला नाहीस असं समजून आता बोलावते आहे.

फिटरकाका रोज येतात. पाय होता तेव्हा आठवड्याला एक दांडी ठरलेली असायची, पाय गेल्यापासून एक दिवस चुकवलेला नाही. खिडकीजवळच्या स्टुलावर बसतात, कुबडी भिंतीला टेकवतात आणि कापलेल्या पट्ट्यांच्या कडा कानशीनं घासत राहतात. आता घासायला काम उरलेलं नाही. मी भंगारातल्या पट्ट्या देते, ते घासतात. आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नाही.

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं की चिठ्ठी ते तूच ठरव. 'ज्या हातानं काकांचा पाय गेला तो हात घेऊन मी शेडमध्ये येणार नाही. बाबा बोलले ते बरोबरच होतं. ऐरण काकांना दे.' तीन वाक्यं आणि खाली सहीसुद्धा नाही. तू वेल्डिंगही असंच करायचास, लागेल तेवढंच आणि एका दमात.

ऐरण काकांना देऊ केली. ते म्हणाले, "ताईसाहेब, ऐरण घेऊन मी काय करू? उशाला घेऊ?" तेव्हा ती अजून जागेवरच आहे.

बाकीची शेड हळूहळू रिकामी होतेय. लेथ गेला. तो उचलला तेव्हा खालच्या फरशीत चार खड्डे निघाले, त्यांत तेल आणि किस साचलेला. प्लेट वाकवायचे रोल एका टाकीवाल्यानं नेले. तेच रोल ज्यांतून काकांच्या पायावर पडलेल्या त्या टाकीची प्लेट काढली होती. मी त्याला काही सांगितलं नाही, रोलांचा काय दोष. प्रेस अर्धी उघडून नेली, अर्धी उद्या नेतील. ड्रिल मशीन हलवताना त्याच्या मागे बाबांचा हरवलेला चष्मा सापडला, सहा वर्षांपूर्वीचा. त्यावरून माझं त्यांच्याशी भांडण झालं होतं. मी चष्मा पुसला आणि खिशात ठेवला.

बाबांचा तो क्रम आठवतो का? घणकाम करणारा खरा माणूस, लेथवाला कारकून आणि वेल्डर शिंपी. लोखंड लाल करून ठोकून आकार द्यायचा हे काम, बाकी सगळी कातरणं आणि टाके. तुला ते 'आमचे शिंपी' म्हणायचे. तू चिडायचास. पण तुझ्या जोडावरची पापडी उडवली की खालचे लाटांसारखे वळसे बघायला तेच आधी वाकायचे. अंगठा फिरवायचे. तोंडानं काही म्हणायचे नाहीत. माझ्या कामावर त्यांनी कधी अंगठा फिरवला नाही. माझं काम फिरवण्यासारखं नव्हतंच. मी माल द्यायची, वेल्डिंगचे रॉड सांभाळायची, झालेले जोड तपासून वहीत लिहायची.

आणि तो दिवसही आठवतो. तू लिहिलंस म्हणून लिहिते, नाहीतर मी आपणहून तिकडे गेले नसते. काकांना दवाखान्यात नेलं होतं. टाकी अंगणात आडवी पडली होती. क्रेनचा हूक अडकवायचा तो तुटलेला कान बाबांनी उचलला, दाराशी उजेडात धरला आणि तुटलेली कड बराच वेळ बघितली. मग सगळ्यांसमोर तुझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्याच्या हातात पुन्हा वेल्डिंगचा होल्डर द्यायचा नाही." तू काही बोलला नाहीस. मी दाराच्या आतल्या बाजूला उभी होते, रॉड भाजायच्या ओव्हनला पाठ लावून. मीही बोलले नाही.

तो कान अजून आहे. बाबांनी खिडकीच्या पट्टीवर ठेवला होता, काकांच्या खांद्यापाशी. काका त्यावर कधीमधी टोपी अडकवतात.

रॉडचा ओव्हन अजून कोणी नेलेला नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. मी त्याची वाट बघत होते असंही नाही. पोस्टमन गेला की मी दार लावते, एवढंच.

बाबांच्या शेवटच्या महिन्यातली एक गोष्ट तुला सांगायची राहिली. राहिली म्हणजे मी ठेवली. एका दुपारी त्यांना अंथरुणात बसवून मी पाठीला उशी लावत होते. त्यांनी विचारलं, "तो हल्ली काय करतो?" झटक्यानंतर ते शब्द चावून चावून बोलायचे, त्यामुळे मला वाटलं भलतंच काही विचारतायत. परत विचारलं. मी म्हटलं, "गोदामात आहे. खोकी बांधतो." ते डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवत होते, तसा ठेवला. मग म्हणाले, "हात चांगला होता त्याचा. एवढा एक कान कसा बिघडला कोण जाणे."

ते मला विचारत होते, धाकट्या. कोण जाणे असं म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते, कारण खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मी म्हटलं, पाणी देऊ का? त्यांनी मान हलवली. मी पाणी दिलं.

पुढे अजून तेवीस दिवस ते होते. रोज सकाळी चहा पाजताना मी म्हणायची, आज सांगते. रोज चहा संपायचा.

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. आजही पुरं होत नाही. कानाच्या कामाला तुला रॉड कोणी दिले ते तुला आठवतं का? एवढंच कळव. खरं तर कळवू नकोस. मीच लिहीन.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

रॉड मी दिले होते.

सरळ लिहिते, कारण वळणं घेतली की मी दुसरीकडेच निघून जाते. टाकीला उचलण्यासाठी वर चार कान बसवायचे होते. जाड प्लेटचे, आणि टाकीचा सगळा भार त्यांच्यावर. अशा कामाचे रॉड कोरडेच लागतात हे मला बाबांनी पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. वरचा लेप दमट झाला तर जोड दिसायला देखणा होतो आणि एक-दोन दिवसांनी आतून तडकतो. म्हणून ओव्हन. त्या आठवड्यात हवा ओलसर होती आणि रॉडचा पुडा पाच दिवस उघडा पडला होता. तोही मीच उघडा ठेवलेला. म्हणून सकाळी दहाला मी ते रॉड ओव्हनमध्ये टाकले, बटण शेवटपर्यंत फिरवलं. दोन तास कडक भाजायचे, मग तुला द्यायचे. हे सगळं मी नीट केलं.

साडेदहाला कोणीतरी जेवणाचा डबा ओव्हनमध्ये सरकवला. सरकवायचे सगळे. बाबांनी दारावर खडूनं 'फक्त रॉड' असं लिहिलेलं असायचं आणि बाबा बँकेत गेले की आत डबा जायचा. कोणाचा ते विचारू नकोस, माझा समज. एवढ्या आचेत डबा करपला असता. म्हणून मी बटण शून्यावर आणलं. म्हटलं, आत जी ऊब आहे तिच्यावर जेवण गरम होईल, जेवणाची सुट्टी झाली की डबा काढून परत ओव्हन लावू.

सुट्टीत डबा काढला. ओव्हन लावायचा राहिला.

दोनला तू आलास. हेल्मेट डोक्यावर उलटं टाकलेलं, एक हातमोजा घातलेला, एक काखेत. "ताई, कानाचे रॉड." मी ओव्हनचं दार उघडलं आणि तेव्हा मला कळलं. आतून तोंडावर काहीच आलं नाही. एरवी ते दार उघडलं की मी मान मागे घ्यायची. त्या दिवशी घ्यावी लागली नाही.

तेव्हा मी म्हणू शकले असते, दोन तास थांब. पण बाबा टेबलाशी नकाशा बघत बसले होते, चार हातांवर. थांब म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं का थांब. मग डबा निघाला असता. मग माझी हजेरी घेतली असती, सगळ्यांसमोर, मी किती बेफिकीर, तू किती चोख. मला तेवढं ऐकायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. नऊ वर्षं शोधूनही मला यापेक्षा मोठं कारण सापडलेलं नाही.

मी म्हटलं, "घे, ओव्हनमधलेच आहेत." खोटं नव्हतं ते. ओव्हनमधलेच होते.

संध्याकाळी जोड तपासायला मीच आले. लाल रंग मारला, दहा मिनिटं थांबले, पुसला, वर पांढरी पूड फवारली. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. चारही कान पांढरेशुभ्र. मी इतकी खूश झाले की वहीत 'उत्तम' लिहिलं, एरवी मी 'ठीक' लिहिते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला हवं होतं. दमट रॉडचा तडा उशिरा येतो हे मला माहीत होतं. सकाळी रंगवाला आला आणि मी त्याला म्हटलं, मारा रंग.

तिसऱ्या दिवशी क्रेननं टाकी उचलली आणि तिसरा कान गेला. काका दोर धरून टाकीला दिशा देत होते.

बाबा तुला ते बोलले तेव्हा मी गप्प राहिले. भीतीनं, हे एक. दुसरंही लिहिते, कारण आता लपवून कोणाचं भलं होणार आहे? मला बरं वाटलं. सगळा वेळ नाही, अगदी घटकाभर. पहिल्यांदा तू चुकलेला आणि मी बरोबर होते. तू निघून गेल्यावर बाबांनी किल्ल्या माझ्याकडे दिल्या. त्यानंतर शेडमध्ये मी जे म्हणेन ते व्हायला लागलं.

तुझा हात चांगला आहे. ही एवढी ओळ लिहायला मला नऊ वर्षं लागली आणि ज्यांनी वाचायला हवी होती ते गेले.

ताई


४ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र काल आलं. चार पानं. मी पाकीट हातात घेतलं तेव्हा जाडी बघूनच समजले की शिव्या असणार. आणि मला चालणार होत्या. पायरीवरच बसून वाचलं.

शिव्या नाहीत. दुसऱ्या पानावरची तुझी ती ओळ मी अजून वाचतेच आहे. 'रॉड गार होते हे मला हातात घेतल्याबरोबर कळलं होतं.'

हे मला कधी सुचलं नव्हतं असं म्हणणार होते. सुचलं होतं. भाजलेला रॉड हातमोज्यातूनही लागतो. तुझा एक हात तर उघडा होता. नऊ वर्षांत कधीतरी भांडी घासताना वगैरे मनात यायचं, याला कसं कळलं नाही? आणि मी नळ मोठा सोडायची.

तू लिहितोस की तुला कळलं, तू माझ्याकडे बघितलंस, मी दुसरीकडे बघत होते. तू बाबांकडे बघितलंस, ते नकाशात होते. दोन तास थांबला असतास तर काम दुसऱ्या दिवसावर गेलं असतं आणि तुला संध्याकाळी सिनेमाला जायचं होतं. तू स्वतःला म्हणालास, ताई म्हणतेय ना, मग असतील. आणि होल्डर उचललास. सिनेमा कुठला होता तेही लिहिलंस. तो फार वाईट होता हेही.

तू लिहितोस, 'बाबा म्हणाले म्हणून मी गेलो नाही. त्यांना खरं कारण माहीत नसूनही ते बरोबर बोलले म्हणून गेलो.'

म्हणजे मी तुला वाचवत नव्हते आणि तू मला वाचवत नव्हतास. आपण दोघं आपापली कातडी वाचवत होतो आणि एकमेकांपासून इतके लांब जाऊन बसलो की दुसऱ्याचं काही दिसू नये. मला याचं हसू यायला हवं. येत नाही. राग येतो, तो तुझाही येतो, हे आधी नव्हतं. नऊ वर्षं मी तुझी एकटी गुन्हेगार होते. आता मला भागीदार मिळाला आणि मला ते आवडलेलं नाही. शेडसारखं हेही मी एकटीनं चालवत आले होते.

तू येतोस की नाही ते चार पानांत कुठेच नाही. शेवटी फक्त, 'काकांना कोण सांगणार?'

मी इथे आहे. मीच सांगणार, दुसरं कोण.

ताई


९ मार्च

धाकट्या,

काकांना काल सांगितलं.

शेड जवळजवळ रिकामी आहे. भिंती लांब गेल्यासारख्या वाटतात, बोललं की आवाज घुमतो. उरलंय ते एक वेल्डिंगचं मशीन, लोखंडी टेबल, ऐरण, ओव्हन आणि काकांचं स्टूल. ते नेहमीच्या जागी बसून एक पट्टी घासत होते. मी चहा दिला. रोज देते तसा, साखर कमी, कप आधी गरम पाण्यानं विसळून. मग समोर उभी राहिले.

"काका, त्या टाकीच्या कानाबद्दल बोलायचंय."

"कुठल्या? चार होते."

"तिसऱ्या."

"बोला ताईसाहेब. माझे दोन्ही शाबूत आहेत."

मी सांगितलं. पुडा, ओव्हन, गार रॉड, मी तुला काय म्हटलं ते, वहीतलं 'उत्तम'. मग तुझं सांगितलं. सिनेमाचंही सांगितलं, कारण तू ते लपवलं नव्हतंस. मी सगळं एका सुरात बोलत गेले, मालाची यादी वाचावी तसं. कानस चालू होती. मध्येच थांबली.

"ओव्हन बंद का केलास?"

ताईसाहेब म्हणाले नाहीत.

"आत डबा होता. करपला असता."

"कोणाचा?"

हे तुलाही मी लिहिलं नव्हतं. काकांनी चहाचा कप खिडकीच्या पट्टीवर ठेवला, त्या कानाच्या शेजारी. तिथेच त्यांचा डबा असतो, दोन मजली, वरच्या झाकणाला पोचा. अजून तोच आहे. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग ओव्हनकडे, मग परत डब्याकडे.

"तुझ्या बापाचं लिहिलेलं पुसून ओव्हनमध्ये डबा टाकायची छाती या शेडमध्ये एकाचीच होती," ते म्हणाले.

त्यांनी कानस मांडीवर ठेवली.

"म्हणजे माझ्याच डब्यानं माझा पाय खाल्ला म्हण की."

"नाही काका. बटण मी—"

"थांब जरा." त्यांनी हात वर केला. "जेवण गरम होतं त्या दिवशी. आठवतंय मला. शेवटचं गरम जेवण ते, पुढे दोन दिवस गार डबा, नंतर दवाखान्यातलंच. दवाखान्यात पडल्या पडल्या मी त्या जेवणाची आठवण काढायचो."

मग ते पुन्हा पट्टी घासायला लागले. तीच कड, इतकी घासली की पट्टी एका बाजूला बारीक झाली. मी उभीच. त्यांनी डोकं वर न करता विचारलं, "आणि तो नऊ वर्षं खोकी बांधतोय?"

"हो."

"आणि तू नऊ वर्षं मला चहा करून देतेस."

"हो."

"म्हणून देत होतीस?"

"मला माहीत नाही, काका. आधी म्हणूनच. नंतर सवय झाली. आता काय आहे ते मला सांगता येत नाही."

त्यांनी चहाकडे बघितलं. प्यायले नाहीत. "मला तुझा राग आलाय," म्हणाले. "त्याचाही आलाय. माझाही येतोय, पण माझा मी नंतर बघतो. तुमच्या दोघांत कोणाचा जास्त ते घरी जाऊन ठरवीन." आणि मग, "तुझ्या बापाला सांगायला हवं होतंस."

"हो."

"माझ्याआधी त्याला. तो रोज हा कान उचलून बघायचा. मी इथे बसलेलो असायचो, मला दिसायचं. लेकाचा हात कुठे चुकला ते शोधत बसायचा. सापडायचं नाही आणि परत ठेवायचा."

हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तो कान तुझी चूक विसरू नये म्हणून ठेवलाय.

काका उठले. कुबडी तुला माहीत नाही, तू गेल्यावर बाबांनी केली. पाइपमध्ये वाळू ठासून, तापवून, ऐरणीवर बेतानं वाकवलेली. काखेखालचा आडवा दांडा त्यांनी स्वतः वेल्ड केला, शिंप्याचं काम म्हणून कुरकुरत. दोन महिन्यांपासून तो जोड हलतोय. काकांनी त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलीय. मी कितीदा म्हटलं, शेजारच्या शेडमधून करून आणते. असू दे म्हणायचे. काल त्यांनी ती चिकटपट्टी सोडवली, सगळी, गोळा करून माझ्या हातात दिली, आणि कुबडी लोखंडी टेबलावर आडवी ठेवली.

"हा जोड त्यानं येऊन करायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. तू तर नाहीच."

"आणि तो नाही आला तर?"

"तर मी घरी बसेन. बसायची मला सवय आहे."

"काका, घरी जाल कसे?"

"कसा म्हणजे? तू नेशील."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. तीन गल्ल्या. नऊ वर्षं मी त्यांना चहा दिला, स्टूल पुसून दिलं, छत्री धरली, पण त्यांचं वजन कधी अंगावर घेतलं नव्हतं. माणूस फार जड असतो. दर पावलाला ते माझ्यावर यायचे आणि मला पाय रोवून थांबावं लागायचं, मग ते उडी मारायचे, मग परत. दुसऱ्या गल्लीत, ज्या दुकानाबाहेर खिळ्यांची पोती ठेवलेली असतात तिथे, मला रडू आलं. आधी नाकातून, मग सगळंच. बाबा गेल्यापासूनचं, त्याच्याआधीचंही. दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला.

काका म्हणाले, "आत्ता नको. माझा तोल जातो."

मी त्यांना घरापर्यंत नेलं. उंबऱ्यापाशी त्यांनी माझा खांदा सोडला, चौकट धरली आणि दार लावून घेतलं. ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

आज ते आले नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते स्टूल रिकामं आहे.

मी आज सकाळी दहाला ओव्हन लावला. रॉडचा नवा पुडा आणून, फोडून, लगेच आत टाकला. बटण शेवटपर्यंत फिरवलंय. कुबडीच्या पातळ पाइपला हे रॉड लागत नाहीत, मला माहीत आहे. तू हसशील. तरी लावलाय आणि पंधरा तारखेपर्यंत रोज लावणार आहे. दार उघडलं की मान मागे घ्यावी लागते. दोनदा उघडून बघितलं, आत कोणाचाही डबा नाही.

तुझ्या हेल्मेटची काच बदलली आहे. कुबडी टेबलावर आहे. काका घरी बसून आहेत.

ताई